बेंजो पार्टी

१. मुंबईच्या गिरणगावात, लालबाग-परळच्या मिरवणुकांत वाजणारा हा बेंजो अमेरिकी बँजोहून वेगळा. बुलबुलतरंगाचे ते विजेवर चालणारे रूप. त्याचे मूळ, जपानमधील नागोया येथे १९१२ मध्ये गोरो मोरिता यांनी घडवलेले ताइशोगोतो. डाव्या हाताने टाइपरायटरसारख्या कळा दाबायच्या, उजव्या हातातील नखीने तारा छेडायच्या. तारांजवळ पिकअप बसवून आवाज कर्ण्यांतून निघाला की त्याला खरखरीत धार येते. ध्वनिमुद्रणात ती धार दोष समजून घासून काढली, तर वाद्याचा जीवच जातो, असे आमचे ठाम मत आहे. ब्राझीलमधील साओ पाउलोचा गिटारवादक किको दिनुची ‘रास्तिल्यो’ (२०२०) या आल्बममध्ये सांबाची गिटार तालवाद्यासारखी आघात देत वाजवतो. तिथला खडबडीतपणा प्रयोग म्हणून वाखाणला जातो. गिरणगावातल्या वादकांच्या वाट्याला तसे कौतुक फार थोडे आले, याची खंत वाटते. बेंजो पार्टीत बेंजोच्या साथीला ढोलकी, ताशा, ढोल; सुरावटी कोळीगीतांच्या, सिनेमाच्या, आरत्यांच्या. रवी जाधव दिग्दर्शित ‘बँजो’ (२०१६) हा हिंदी चित्रपट याच वादकांवर आहे. त्यात रितेश देशमुख यांची प्रमुख भूमिका आहे. – संपा.