सुरतेचे वाडिया आणि एंजिनाची विद्या

सुरतेच्या न्यायालयात वकिली करणाऱ्या मराठी मनुष्याला दोन गोष्टींची सवय करून घ्यावी लागते. पहिली, गुजराती दफ्तर भराभर वाचण्याची. दुसरी, 1664 आणि 1670 या दोन साली आमच्या पूर्वजांनी या शहराचे काय केले याविषयीचा टोमणा हसतमुखाने ऐकून घेण्याची. आम्हांला दोन्ही साधल्या आहेत. टोमणा मारणाऱ्याला आम्ही इतकेच सांगतो की, महाराजांच्या त्या दोन फेऱ्यांपेक्षा 1775 साली राघोबादादांनी सुरतेच्या तहावर जी सही केली तिची आम्हांस अधिक लाज वाटते. परंतु आज लिहावयाचे आहे ते लुटीविषयी नव्हे, तहाविषयीही नव्हे. सुरतेहून मुंबईस गेलेल्या एका विद्येविषयी लिहावयाचे आहे, आणि त्याला निमित्त झाले आहे ते आमच्याकडे आलेले एक लहानसे विम्याचे प्रकरण.

आमचे पक्षकार तापीच्या मुखाजवळच्या एका गावचे तांडेल. होडी त्यांची स्वतःची. एके दिवशी समुद्रातून परतत असता एंजिन तापले आणि बंद पडले. खंभातच्या आखातातील भरती-ओहोटीचा ओढा ज्याने पाहिला आहे त्याला पुढचे सांगावयास नको. ओहोटीने होडी वाळूच्या दांड्यावर नेऊन घातली आणि पुढच्या भरतीत तिचे तळ फुटले. माणसे वाचली. विमा कंपनीने पैसे नाकारले. होडी समुद्रयोग्य नव्हती, एंजिनाचा पाण्याचा पंप आधीपासून पाझरत होता आणि ही गोष्ट मालकास ठाऊक होती, असा तिचा आक्षेप.

हा आक्षेप आला कोठून? तांडेलांच्याच वहीतून. त्यांच्या मुलीची शाळेची चौकटीची वही. तीत एंजिनाचा सारा जमाखर्च लिहिलेला. अमुक तारखेस तेल बदलले, अमुक तारखेस डिझेलचा फिल्टर नवा घातला, नळीत हवा धरली होती ती काढली. आणि अपघाताच्या चार दिवस आधीची नोंद अशी की पाण्याचा पंप पाझरतो. त्याखाली दुसऱ्या दिवसाची नोंद : नवे पॅकिंग स्वहस्ते घातले, एक तास चालवून पाहिले, थेंब नाही.

1963 च्या सागरी विमा कायद्याप्रमाणे मुदतीच्या विम्यात जहाज समुद्रयोग्य असल्याची हमी गृहीत धरीत नाहीत. मात्र मालकाने जाणूनबुजून अयोग्य जहाज समुद्रात धाडले आणि त्या अयोग्यतेमुळेच नुकसान झाले, तर विमेदार सुटतो. म्हणजे ही वही आमच्या पक्षकारांची साक्षीदार होती आणि शत्रूही. दोष ठाऊक होता हे तिच्यात लिहिले होते. दोष दूर केला हेही लिहिले होते. उरला एकच प्रश्न. ज्याच्यापाशी कोणतेही प्रमाणपत्र नाही अशा मनुष्याने आपल्या हाताने केलेली दुरुस्ती ही दुरुस्ती मानावयाची की नाही?

त्या रात्री कागद वाचता वाचता आम्हांला एका पारशी गृहस्थाची आठवण झाली. एंजिनाची विद्या या देशात प्रथम कोणी आपल्या हाताने शिकून घेतली असा शोध करू लागल्यास जी नावे अगदी आरंभी येतात त्यांत त्यांचे आहे. त्यांच्या घराण्याचे मूळ याच सुरतेत आहे.

सतराव्या शतकात सुरत हे मोगल साम्राज्याचे दार होते. मक्केची यात्रा येथूनच निघे. इंग्रजांची वखार 1613 साली येथे झाली. मोठी जहाजे बाहेर सुवाळीच्या बाऱ्यात उभी राहत, आणि तापीच्या काठी सागवानाची जहाजे बांधणारे पारशी व हिंदू सुतार काम करीत. पुढे तापी गाळाने भरत गेली आणि व्यापार मुंबईकडे वळला. मुंबईस गोदी हवी होती, पण कारागीर नव्हते. 1736 साली कंपनीने लवजी नसरवानजी वाडिया या तरुण सुताराला काही सोबती कारागिरांसह सुरतेहून मुंबईस नेले. 1750 साली तेथे कोरडी गोदी तयार झाली. आशियातील ती पहिली म्हणून सांगतात. पुढे सुमारे दीडशे वर्षे मुंबईच्या गोदीचे मुख्य बांधकाम या एका घराण्याकडे राहिले. 1817 साली या घराण्याने बांधलेली 'त्रिंकोमाली' ही युद्धनौका इंग्लंडात हार्टलपूल येथे आजही जतन करून ठेवली आहे. मलबारच्या सागवानाला आणि सुरतेच्या हाताला याहून मोठी पावती कोणती हवी?

परंतु लाकडाची विद्या वेगळी आणि लोखंडाची वेगळी. 1829 साली मुंबईच्या गोदीत 'ह्यू लिंडसे' हे 411 टनांचे वाफेचे जहाज बांधले गेले. सांगाडा मुंबईचा, पण प्रत्येकी 80 अश्वशक्तीची दोन एंजिने विलायतेची. 20 मार्च 1830 रोजी ते सुएझकडे निघाले. जहाजात कोळसा ठेवण्याची जागा होती साडेपाच दिवसांपुरती, आणि एडनपर्यंत लागणार होते अकरा दिवस. म्हणून कोठडीत, खोल्यांत, तक्तपोशीवर, जेथे सापडेल तेथे कोळसा भरला. जहाज पाण्यात इतके दबले की त्याची चाके धड फिरेनात. एडनला पोहोचले तेव्हा जेमतेम काही तासांचा कोळसा उरला होता. हा प्रवास धाडसाचा खरा. पण त्या एंजिनांवर हात ठेवणारे सारे परके होते. लवजींच्या वंशजांनी पिढ्यान्पिढ्या जहाजाचे जे मर्म हाताळले, ते आता दुसऱ्याच्या हाती जाणार असा रंग दिसू लागला.

हा रंग ज्याने वेळीच ओळखला तो तरुण म्हणजे अर्देशर कर्सेटजी वाडिया. जन्म 6 ऑक्टोबर 1808. चौदाव्या वर्षी, 1822 साली, तो वडिलांच्या हाताखाली गोदीत लागला. त्याचे मन सागवानापेक्षा वाफेकडे अधिक धावे. घरी त्याने एक अश्वशक्तीचे लहानसे वाफेचे यंत्र स्वतः तयार केले आणि त्याने विहिरीचे पाणी चढविले. 1833 साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्याने 60 टनांचे 'इंडस' नावाचे समुद्रगामी जहाज बांधून पाण्यात सोडले आणि त्याला वाफेचे एंजिन बसविले. पुढच्याच वर्षी माझगावचे आपले घर आणि बाग यांत त्याने कोळशाच्या वायूचे दिवे लाविले. मुंबईला असा उजेड नवा होता.

त्या काळचे जहाजी एंजिन सांभाळणे म्हणजे काय होते याची आज कल्पना येणे कठीण आहे. बाष्पपात्रात समुद्राचेच खारे पाणी घालीत. पाणी उकळून वाफ होई. मीठ मागे राही. ते मीठ पत्र्यावर थर धरून बसले की आगीची उष्णता पाण्यापर्यंत पोहोचत नाही. कोळसा अधिक जळतो, पत्रा तापून लाल होतो आणि शेवटी फुगतो अथवा फाटतो. म्हणून ठराविक वेळाने तळाचे घट्ट खारे पाणी समुद्रात सोडून नवे घ्यावे लागे. फार सोडले तर उष्णता वाया, थोडे सोडले तर पात्र वाया. दट्ट्याची दांडी जेथून आतबाहेर होते तेथे ताग वा अंबाडीची चरबी माखलेली दोरी घट्ट ठासावी लागे. सैल राहिली तर वाफ निसटते. फार आवळली तर दांडीवर ओरखडे पडतात. किती आवळावी हे मनगटाला कळावे लागे, आणि मनगटाला ते पुस्तकातून कळत नसे.

हे सारे चरबीचे, काजळीचे, घामाचे काम. आमच्या समाजातील सुशिक्षितांनी त्या काळी याकडे पाठ फिरविली, हे कबूल करण्यात कमीपणा नाही. 1832 साली बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' काढले. दादोबा पांडुरंग मुंबईहून येथे सुरतेत शिक्षक म्हणून आले आणि 1844 साली दुर्गाराम मेहताजींबरोबर मानवधर्म सभेच्या स्थापनेत सहभागी झाले. थोर माणसे, त्यांचे ऋण आमच्यावर आहेच. पण व्याकरण शुद्ध करणारा हात आणि पाना फिरविणारा हात यांची आमच्या घरात ओळख झाली नाही. आमच्या कोंकणातल्या सुताराला आणि खलाशाला पाना धरता येई, पण त्याला अक्षर कोणी दिले नाही. खंडेनवमीस आम्ही वकील मंडळी कायद्याच्या ग्रंथांना हळदकुंकू वाहतो आणि त्याच दिवशी होडीवाला एंजिनाला झेंडूची माळ घालतो. देवाला दोन्ही पोहोचतात, पण पूजा वेगवेगळ्या घरांत होते. वाडियांच्या घरात ती एकाच चौरंगावर झाली.

1839 साली अर्देशर इजिप्तच्या वाटेने विलायतेस गेले. तेथील जहाजी एंजिनांचे कारखाने त्यांनी पाहिले, अभ्यासले, आणि त्या प्रवासाची दैनंदिनी इंग्रजीत लिहून 1840 साली प्रसिद्ध केली. परत आल्यावर 1 एप्रिल 1841 पासून मुंबईच्या सरकारी वाफेच्या कारखान्याचे मुख्य एंजिनियर आणि यंत्रांचे तपासनीस म्हणून त्यांनी कारभार हाती घेतला. हाताखाली हिंदी कारागीर होते तसेच युरोपियनही होते. हिंदी मनुष्याच्या हाताखाली गोऱ्याने काम करावयाचे ही गोष्ट मुंबईला अपूर्व होती, आणि गोऱ्या समाजात अनेकांना ती रुचली नाही. नेटिवाला हे जमेल काय, ही ती शंका. आमच्या तांडेलांना उलटतपासणीत विचारलेल्या प्रश्नाची ही थोरली बहीणच म्हणावयाची.

त्याच वर्षी, 27 मे 1841 रोजी, लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सभासद निवडले. हा मान मिळालेले ते पहिले हिंदी. शिफारसपत्रात त्यांच्या नावावर जमा होते ते हेच : वायूचे दिवे, 60 टनांचे जहाज आणि त्याला बसविलेले एंजिन. यानंतरचे दुसरे हिंदी सभासद श्रीनिवास रामानुजन, 1918 साली. मध्ये 77 वर्षे गेली.

आम्हांला स्वतःला त्या पदवीपेक्षा 1851 सालची एक गोष्ट अधिक मोलाची वाटते. त्या वर्षी फेब्रुवारीत अर्देशरांनी एक वाफेचे जहाज पाण्यात सोडले. त्याचे भाग त्यांनी घरच्या स्वतःच्या ओतशाळेत तयार करविले होते. अठरा वर्षांपूर्वी ज्याने जहाजाला एंजिन नुसते बसविले, त्याने आता ते आपल्या अंगणात घडविले. आणि नाव काय दिले? 'लवजी फॅमिली'. सुरतेहून हत्यारांची पेटी घेऊन निघालेल्या पूर्वजांच्या पिढीचे नाव. 1857 साली ते मुंबईच्या नोकरीतून निवृत्त झाले. पुढे काही वर्षे सिंधू नदीवरच्या आगबोटींची यंत्रे कोटरी येथे त्यांनी सांभाळली. अखेरीस विलायतेस रिचमंड येथे राहिले आणि 16 नोव्हेंबर 1877 रोजी वारले. 1969 साली भारत सरकारने त्यांचे टपालतिकीट काढले.

त्यांच्या मागे कारखाने वाढले, पण किनाऱ्यावरची मच्छीमार होडी आणखी पाऊणशे वर्षे शिडावरच राहिली. स्वातंत्र्यानंतर, 1950 नंतरच्या दशकांत, मुंबई राज्यात आणि पुढे गोव्यात होड्यांना डिझेल एंजिने बसू लागली. त्या एंजिनात बाष्पपात्र नाही, खाऱ्या पाण्याचा थर नाही. पण समुद्राचे पाणी ओढून एंजिन थंड ठेवणारा पंप आहे, आणि त्याच्या फिरत्या दांडीभोवती तीच ठासलेली दोरी आहे. किती आवळावी हे अजून मनगटच ठरविते.

तर आमचे प्रकरण. तांडेलांना पिंजऱ्यात प्रतिपक्षाच्या विद्वान वकिलांनी विचारले, एंजिनाचे शिक्षण कोठे घेतले? ते म्हणाले, बापाजवळ. बाप कोठे शिकला? म्हणाले, एंजिन बिघडले तेव्हा. न्यायालयात हशा झाला, तो आम्हांला आवडला नाही. मग आम्ही फुटलेल्या होडीतून काढलेला तो पंपच हजर केला. तपासणाऱ्या तज्ज्ञाने तो खोलला. पॅकिंग नवे, नीट बसलेले, दांडीवर ओरखडा नाही. बाहेरून पाणी ओढणाऱ्या नळीच्या तोंडात मात्र प्लास्टिकच्या पोत्याचा चिंधडा अडकून बसला होता. पाणी बंद झाले ते त्याने. नुकसान पंपाच्या पाझरण्याने झाले नव्हते आणि पाझर तर उरलाच नव्हता. तेव्हा ती नोंद आता आमच्या बाजूने बोलू लागली.

तरीही निकालापर्यंत गोष्ट गेली नाही. तडजोड झाली, मागितल्यापेक्षा कमी रक्कम मिळाली, आणि तांडेलांनी ती घेतली, कारण नारळी पौर्णिमा जवळ आली होती आणि घरी बसून व्याज खाणाऱ्यांपैकी ते नव्हते. लढवून पूर्ण रक्कम मिळवावी असे आमचे मत होते. ते आम्ही मांडले आणि त्यांनी आदराने बाजूस सारले. जुनी वही न्यायालयाच्या दफ्तरातून परत मिळविण्यास आम्हांला आणखी दोन अर्ज करावे लागले. ती घेण्यास ते आले तेव्हा बगलेत दुसरी नवी वही होती. तिच्या पहिल्या पानावर श्री, त्याखाली नव्या एंजिनाचा क्रमांक, आणि त्याखाली पहिलीच नोंद : पाणी ओढण्याच्या तोंडाला जाळी बसविली, स्वहस्ते.