गांठीचें वय : स्तनाच्या कर्करोगाचा इतिहास

पॅरिस शहरीं १८११ सालच्या ३० सप्टेंबर रोजीं प्रसिद्ध इंग्रज कादंबरीकर्त्री फॅनी बर्नी हिचा उजवा स्तन शस्त्रवैद्य लारे यांनीं कापून काढला. भूल देण्याची विद्या तेव्हां अवगत नव्हती. वेदना तिला आदल्या वर्षापासूनच जाणवत होती. परंतु वैद्याला दाखविण्यास ती बराच काळ राजी नव्हती. त्या यातनांचें वर्णन तिनें पुढें बहिणीस लिहिलेल्या पत्रांत केलें आहे. ती १८४० सालापर्यंत जगली.

अशी गांठ कां होते, याविषयीं प्राचीन वैद्य गेलेन याचें मत असें कीं, तें काळ्या पित्ताचें दुखणें होय. सर्व देहच दूषित, तेथें शस्त्र काय करणार? अठराव्या शतकांत फ्रेंच शस्त्रवैद्य ल द्रां यानें निराळा विचार मांडला. रोग एका जागीं उपजतो व मग काखेंतील रसग्रंथींकडे पसरतो, असें तो म्हणे. याच धोरणानें अमेरिकेंतील बाल्टिमोर येथें हॉल्स्टेड यानें स्तन, छातीचे स्नायू व काखेंतील ग्रंथी एकत्रच काढण्यास आरंभ केला, आणि १८९४ सालीं अशा ५० रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यामुळें त्याच जागीं गांठ पुन्हां उद्भवणें कमी झालें. तरीहि अनेक स्त्रिया पुढें हाडांत वा यकृतांत उद्भवलेल्या रोगानें दगावत.

याचें कारण गांठीच्या वाढींत आहे. एका पेशीच्या दोन, दोनांच्या चार, असें सुमारें तीस वेळां दुप्पट झाल्यावर एक सेंटिमीटरची गांठ बनते. तींत जवळजवळ शंभर कोटि पेशी असतात. एकदां दुप्पट होण्यास कोठें कांहीं आठवडे, तर कोठें वर्षाहूनहि अधिक काळ लागतो. म्हणजे हाताला आज लागलेली गांठ बहुधा अनेक वर्षांची जुनी असते, आणि तेवढ्या अवधींत कांहीं पेशी रक्तावाटे दूर गेलेल्या असूं शकतात. म्हणूनच फिशर यांच्या प्रयोगानें १९८५ सालीं दाखविलें कीं, लहान गांठ तेवढी काढून किरणोपचार दिले, तरी आयुर्मान संपूर्ण स्तन काढल्याइतकेंच राहतें.

मग लवकर निदानाचा उपयोग काय? गांठ लहान असतांना शस्त्र थोडें चालवावें लागतें व बरें होण्याची आशा अधिक असते. बर्लिनमध्यें सालोमोन यानें १९१३ सालीं, कापून काढलेल्या स्तनांच्या क्ष-किरण चित्रांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढें न्यूयॉर्क येथें १९६३ सालीं या तपासणीची मोठी कसोटी सुरू झाली. परंतु यंत्र महाग, आणि गरिबांच्या वस्तींत तें कोठून यावें? मुंबईंत टाटा स्मारक रुग्णालयाच्या संशोधकांनीं १९९८ सालीं दीड लाखांहून अधिक स्त्रियांना घेऊन याचें उत्तर शोधूं लागले. त्यांपैकीं निम्म्या स्त्रियांची तपासणी शिकविलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनीं केवळ हातानें करीत. वीस वर्षांनंतरचा निष्कर्ष २०२१ सालीं प्रसिद्ध झाला : पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत या रोगाचे मृत्यु सुमारें ३० टक्क्यांनीं घटले, त्याहून तरुण स्त्रियांत मात्र तसा लाभ दिसला नाहीं.

बहुतेक गांठी कर्करोगाच्या नसतात. पण नवी गांठ, कातडीस पडलेली खळी, आंत ओढलें गेलेलें स्तनाग्र किंवा त्यांतून येणारें रक्त, यांची परीक्षा डॉक्टरांकडून करवून घेणें अवश्य आहे. गांठीनें तिचीं मूक वर्षें आधींच घेतलेलीं असतात. लाजेपायीं त्यांत आणखी एकाची भर घालणें हें तेवढें घरच्या माणसांच्या हातीं टाळतां येण्यासारखें आहे.