दात्यांचा माग: पंढरपूरच्या शिळेपासून आजच्या हिशेबांपर्यंत

मंडळी, संस्थेसाठी पैसा उभा करायला निघालेला माणूस आधी विचारतो, ‘देणारा कोण भेटेल?’ आपण आज हा प्रश्न जरा फिरवून विचारू. आजवर कोणी, कधी, कशासाठी दिलं, हे कुठे लिहून ठेवलंय?

आपल्या सोलापूर जिल्ह्यात याचं फार जुनं उत्तर दगडावर आहे. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरातला चौऱ्यांशीचा शिलालेख. त्याला पाठ घासली की चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकतो, अशी श्रद्धा. त्यापायी दगड झिजला. मजकूर मात्र फेऱ्याचा नाही, देणगीदारांचा आहे. शके ११९५ ते ११९९, म्हणजे इ. स. १२७३ ते १२७७, या काळात मंदिराला दान देणाऱ्यांची ही यादी. तीत यादव राजा रामचंद्रदेव आहे, हेमाद्री पंडित आहे, आणि इतिहासाच्या पुस्तकात कधी न येणारी साधी माणसंही आहेत.

आता तारखा बघा. राजाची नोंद शके ११९८ ची, यादी तीन वर्षं आधीच सुरू झालेली. म्हणजे काम लोकांनी उचललेलं होतं, मोठा दाता चालत्या कामात आला. आमच्या मते दानाच्या नोंदींतून कळणारी सगळ्यात कामाची गोष्ट हीच, आणि ती एका नोंदीतून कळत नाही. ओळीने वाचावं लागतं.

आजची शिळा म्हणजे कागद. १९५० च्या कायद्याखाली नोंदलेले न्यास धर्मादाय आयुक्तांकडे दरवर्षी हिशेब देतात. कंपनी कायदा २०१३, कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्चायचे. सीएसआर म्हणतात तो हाच. कोणत्या कंपनीने कुठल्या राज्यात, कोणत्या विषयावर किती खर्च केला, ते सरकारी पोर्टलवर दिसतं. कंपनीने आपल्या परिसराला प्राधान्य द्यावं असंही कायदा म्हणतो. म्हणून दक्षिण सोलापुरातल्या संस्थेने मुंबईकडे बघण्याआधी फताटेवाडीच्या एनटीपीसीचे अहवाल काढावेत.

अहवालात पहिल्या पानावरची ध्येयधोरणं सोडा, तिथे सगळेच शिक्षण-आरोग्य लिहितात. शेवटचे तक्ते उघडा. पाच वर्षांचे शेजारी शेजारी ठेवा. रक्कम साधारण केवढी? इमारतीला देतात की पगारालाही? आणि मुख्य म्हणजे, दरवर्षी त्याच दहा संस्था आहेत की एखादं नवं नाव शिरतं? नवं नाव शिरतच नसेल तर तिथे अर्ज करू नका. गावातल्या वाचनालयात एकच कारकून असतो. एका अर्जात त्याचे पंधरा दिवस जातात.

जुन्या दानलेखांत शेवटी शापही असे, दान मोडणाऱ्याला. गद्धेगाळ पाहिला असेल तुम्ही. आता त्या जागी उपयोगिता प्रमाणपत्र आलंय. ते वेळेवर दिलं, तर पुढच्या वर्षीच्या तक्त्यात आपलं नाव दुसऱ्यांदा येण्याचा संभव वाढतो. आणि तो तक्ता उद्या दुसरी एखादी संस्था वाचत असते.