मानाचे शब्द आणि आपलं नाव

आज बोलूया मानाच्या शब्दांबद्दल.

आपल्या देवगडात जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. 'बंड्याचो बापूस' म्हणत. नाव तोंडी न आणणं हाच मान. घ्यायचंच झालं तर उखाण्यात. पण बाईचं स्वतःचं नावही असंच मागं पडलं. ती झाली अमक्याची बायको, तमक्याची आई.

घरात हे चालून गेलं. मग १९५१-५२ साली देशाची पहिली सार्वत्रिक निवडणूक आली. मतदार यादी करताना कितीतरी बायकांनी आपलं नाव सांगितलंच नाही. अमक्याची बायको एवढंच लिहा म्हणाल्या. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठरवलं, स्वतःचं नाव नसेल तर नोंद नाही. सुमारे २८ लाख बायका यादीतून गळल्या. बहुतेक उत्तरेकडच्या होत्या, पण रीत आपल्याही ओळखीचीच. मान राखायला गेल्या आणि मत गमावून बसल्या.

आता कागदावरचे शब्द बघा. 'सौ.' म्हणजे सौभाग्यवती. 'गं. भा.' म्हणजे गंगा भागीरथी. दोन्ही आदराचेच. पण दोन्ही सांगतात काय, तर नवरा आहे की गेला. पुरुषाची बायको वारली तरी तो 'श्री.'च राहतो.

शब्द बदलला की हातही आखडतो. कुंकवाचा करंडा तिला वगळून पुढं जातो, ओटी भरली जात नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं ४ मे २०२२ ला ग्रामसभेत ठराव केला, की नवरा गेल्यावर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. पुढच्याच वर्षी विधवांना सरकारी पातळीवर 'गंगा भागीरथी' म्हणावं असा प्रस्ताव निघाला, तेव्हा राज्यभर बायकांनी विरोध केला. शब्द कितीही पवित्र असो, ज्या बाईला तो लावायचा तिला विचारायला हवं.

आपल्या हाती काय आहे? बचत गटाचं रजिस्टर आहे. त्यात सगळ्यांच्या नावामागं एकच 'श्रीमती' लिहूया, नाहीतर नुसतं नाव. आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं बोलावणं प्रत्येकीला, तिच्या नावानं, तिच्या दारात जाऊन करूया.