कृष्णाकाठ, लिनक्स आणि कंटेनर : एका तंत्राची पूर्वपीठिका

संगणकाच्या परिभाषेत ‘कंटेनर’ म्हणजे एखादे सॉफ्टवेअर, ते चालण्यासाठी लागणारे पूरक संच आणि त्याच्या मांडणीच्या फाइली यांचे असे बंदिस्त एकक, की जे एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवले तरी सहसा फेरजुळणी न करता चालू होते. आभासी यंत्रात स्वतंत्र कार्यप्रणाली सामावलेली असते. कंटेनर मात्र यजमान सर्व्हरच्याच लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, वापरत असल्याने हलका राहतो आणि क्षणात उभा होतो.

२०१३ साली कंटेनर बनवण्याचे व चालवण्याचे साधन ‘डॉकर’ खुले झाल्यावर हे तंत्र सर्वतोमुखी झाले, तरी त्याचा पाया फार जुना आहे. १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत प्रक्रियेला फाइलींच्या एका ठरावीक शाखेपुरतेच दिसावे अशी सोय होती, २००० साली फ्रीबीएसडीने तिला ‘जेल’चे रूप दिले, २००२ पासून लिनक्समध्ये ‘नेमस्पेस’, म्हणजे प्रत्येक प्रक्रियागटाला यंत्रणेचे वेगळे चित्र दाखवणारी योजना, टप्प्याटप्प्याने येत गेली, आणि २००८ मध्ये स्मृती व प्रोसेसर यांचा वाटा बांधून देणारे ‘सीग्रुप’ कर्नलमध्ये दाखल झाले. डॉकरचे श्रेय हे विखुरलेले घटक सामान्य अभियंत्याच्या हाती एकत्रित देण्याचे आहे, ते शोधण्याचे नव्हे.

असा सामान्य अभियंता कृष्णाकाठच्या सातारा-सांगली जिल्ह्यांत घडला, यामागे येथील शिक्षणसंस्थांचा इतिहास आहे. धोंडूमामा साठे यांनी १९४७ साली सांगलीत सुरू केलेले न्यू इंजिनिअरिंग कॉलेज १९५५ पासून वालचंद महाविद्यालय म्हणून ओळखले जाऊ लागले. १९६० मध्ये कराडला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आले. आणि १९८३ साली सांगलीचेच वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित महाविद्यालयांना परवानगी मिळून त्याच वर्षी साखराळ्यास राजारामबापू इन्स्टिट्यूट उभे राहिले. त्या धोरणावर पुढे टीकाही पुष्कळ झाली, परंतु ग्रामीण घरातील मुलांसाठी संगणकशिक्षणाचे दार त्याने उघडले, हे नाकारता येत नाही.

या दोन जिल्ह्यांच्या परिसरात सॉफ्टवेअर अनेक ठिकाणी बसवून ते टिकवण्याचा प्रश्न खऱ्या अर्थाने पुढे आला तो वारणा खोऱ्यात. १९९८ साली सुरू झालेल्या ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्पात कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सत्तर गावे वारणेच्या सहकारी संस्थांशी संगणकाने जोडण्याचे ठरले, आणि ऊस उत्पादकाला आपल्या उसाचे वजन, खताची उचल अशा नोंदी गावातच मिळू लागल्या. तथापि प्रत्येक गावात स्वतंत्र यंत्र म्हटले की त्याची दुरुस्ती, वीज आणि जोडणी यांचा भारही प्रत्येक गावावर पडतो. म्हणून पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या संशोधकांनी काही गावांत संगणकाऐवजी मोबाइल ठेवून पाहिला : शेतकऱ्याची विचारणा लघुसंदेशाने साखर कारखान्याकडील एका संगणकाकडे जाई आणि उत्तर तिकडून परत येई. गावोगावचे सॉफ्टवेअर काढून मध्यवर्ती ठिकाणी एकच नीट सांभाळावे, हा विचार येथे कंटेनर लोकप्रिय होण्याआधीच प्रत्यक्षात उतरला होता, आणि सर्व्हर-व्यवस्थापनाच्या स्थानिक इतिहासात त्याला अग्रस्थान द्यावे लागेल.

आज वालचंद महाविद्यालयात विद्यार्थ्यांचा ‘लिनक्स यूजर्स ग्रुप’ आहे आणि लिनक्सची ओळख केवळ अभ्यासक्रमातून होण्याचे दिवस मागे पडले आहेत. लिनक्स हाताळणाऱ्याला सर्व्हरवर डॉकर बसवणे वरकरणी सोपे असते : अधिकृत भांडाराची सही-किल्ली नोंदवायची, संच उतरवायचा, पार्श्वभूमीत चालणारी सेवा सुरू करायची. खरी कसोटी त्यानंतर लागते, कारण डॉकरच्या गटात घातलेल्या वापरकर्त्याला प्रत्यक्षात सर्वाधिकारी ‘रूट’इतकेच सामर्थ्य मिळते, आणि वेगळा ‘व्हॉल्यूम’, म्हणजे कंटेनरबाहेरचा साठा, न जोडता कंटेनरमध्येच ठेवलेली माहिती कंटेनर काढून टाकताच नष्ट होते. हे बारकावे शिकवणाऱ्या कार्यशाळांची टिपणे, महाविद्यालयांच्या संगणककक्षांच्या खरेदीवह्या आणि वारणा प्रकल्पाची कागदपत्रे संबंधित संस्थांनी आताच जपून ठेवावीत व अभ्यासकांना खुली करावीत.