तीच समीकरणं, वेगळं उत्तर

सॉल्व्हरची आवृत्ती बदलली आणि तुमच्या प्रबंधातला आलेखही बदलला? घाबरण्याआधी १९६१ सालची ही गोष्ट वाचा. एमआयटीत एडवर्ड लॉरेन्झ हवामानाची १२ समीकरणं संगणकावर सोडवत होते. जुनं गणित मध्यापासून पुन्हा चालवताना त्यांनी छापील कागदावरचा ०.५०६ हा आकडा भरला; संगणकाच्या मेमरीत होता ०.५०६१२७. कॉफी पिऊन येऊन बघतात तर हवामान पार वेगळं! आधी त्यांना यंत्रच बिघडलंय असं वाटलं.

नव्या आवृत्तीत नुसता बेरजेचा क्रम बदलला, तरी सोळाव्या अंकाच्या आसपास फरक पडू शकतो. समीकरण केऑटिक असेल तर तो फुगत जातो. तिथे आकडान् आकडा जुळवत बसू नका, दीर्घकाळाची सरासरी जुळवा. पण केऑस नसतानाही उत्तर बदललं, तर मात्र चूक शोधायलाच हवी.