पावलांनी लिहिलेलं

आपल्याला नाचायला लावतील या भीतीने मी पहिल्या दिवशी मुद्दाम मागे उभी राहिले होते. डिचोलीतल्या एका शाळेचं सभागृह, बाहेर पाऊस, आत आम्ही पंचवीसेक माणसं. शिबिर होतं 'शरीर, हालचाल आणि चित्रपट' या विषयावर. शिकवणारी मुलगी माझ्या भाचीच्या वयाची. ती म्हणाली, "कुणी नाचायचं नाहीये. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत नुसतं चाला. जसे रोज चालता तसे."

कोपऱ्यात तिने मोबाइल लावून ठेवला होता. दहा मिनिटं आम्ही चाललो, मग तिने ते चित्रण पडद्यावर दाखवलं. बघताना आधी हसू आलं, मग सगळे गप्प झाले. पुरुष सभागृहाच्या मधून चालत होते आणि बायका कडेने. मी तर भिंतीला जवळजवळ घासत चालले होते. समोरून कुणी आलं की वळत होत्या त्या बायकाच. तिने विचारलं, "ही कोरिओग्राफी कुणी बसवली?"

मराठीत नाच 'बसवतात'. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत 'नृत्यदिग्दर्शन' असतं तेवढीच कोरिओग्राफी मला ठाऊक होती. आमचं चालणंही कुणीतरी बसवलेलं आहे, ही गोष्ट मी पन्नाशी उलटल्यावर ऐकत होते.

घरी येऊन मी त्या शब्दाचा माग काढला. 'नाच' आणि 'लिहिणं' या अर्थाचे दोन ग्रीक शब्द जोडून तो झाला आहे. १७०० साली पॅरिसमध्ये राऊल-ओझे फ्येए या नृत्यशिक्षकाने 'कोरेग्राफी' नावाचं पुस्तक छापलं. त्यात नाचाची लिपी आहे. कागद म्हणजे वरून पाहिलेली जमीन, तिच्यावर नर्तकाची वाट रेषेने काढलेली आणि रेषेच्या कडेने पावलांच्या खुणा. म्हणजे मुळात हा शब्द ठुमक्यांचा नाही, वाटेचा आहे. कोण कुठून निघाला, कुठे वळला, कुठे थांबला याची ती नोंद.

हे वाचताना मला रायपसेणिय सूत्र आठवलं. आमचं घर बेळगावकडचं दिगंबर, आणि हे श्वेतांबर आगमातलं सूत्र, त्यामुळे ते माझ्या वाचनात उशिरा आलं. त्यात सूर्याभ नावाचा देव महावीरांसमोर बत्तीस प्रकारचे नाट्यविधी करून दाखवतो. पहिल्याच विधीत नर्तक स्वस्तिक, श्रीवत्स, कलश, मत्स्य अशा आठ मंगल आकृत्या रचतात. माणसांच्या रांगोळ्याच म्हणा ना. आणि हे सगळं दाखवू का, असं सूर्याभ विचारतो तेव्हा महावीर काहीच बोलत नाहीत. एकीकडे एवढी हालचाल, समोर एक स्थिर देह. कायोत्सर्गात उभं राहायचं तर पाय किती अंतरावर, हात कसे सोडलेले, हेही ठरलेलं असतं. न हलणंसुद्धा बसवावं लागतं. याच डिचोली तालुक्यात कुडण्याला गुजीर नावाने ओळखले जाणारे जुन्या जैन मंदिराचे अवशेष आहेत आणि नार्व्याला जैनकोट आहे. त्या पडक्या दगडांपाशी मी अनेकदा गेले आहे, पण तिथे लोक कोणत्या बाजूने येत असतील, कुठे थांबत असतील, हा प्रश्न मला शिबिरानंतर पहिल्यांदा पडला.

पेडणे आणि डिचोलीत असे प्रश्न विचारायला फार मागे जावं लागत नाही. तिथल्या गावांत वाटा अजून ठरलेल्या आहेत, आणि त्याला इतिहासातलं कारण आहे. तिसवाडी, बार्देश, सासष्टी हे भाग पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकातच घेतले. तिथे १५६० पासून इन्क्विझिशन आलं. १७३६ च्या हुकुमनाम्याने तर लग्नातली देशी वाद्यं आणि पानफुलांची देवघेवसुद्धा बंद केली. पेडणे-डिचोली तेव्हा सावंतवाडीकर भोसल्यांकडे होतं. १७४६ मध्ये पोर्तुगिजांनी पेडण्यातला हळर्णचा किल्ला जिंकला आणि व्हाइसरॉयने त्या गावाच्या नावाने 'मार्केस द आलोर्ना' ही पदवी मिरवली. पण हा मुलूख कायमचा त्यांच्या हाती गेला तो १७८० नंतर. डिचोली १७८१ मध्ये, पेडणे १७८८ मध्ये. तोवर धर्मांतराचा जोर ओसरला होता आणि इथल्या धर्मात, रीतिरिवाजांत हात घालणार नाही असं नव्या सत्तेला कबूल करावं लागलं. म्हणून इथली देवळं जागेवर राहिली, आणि देवळातून निघणाऱ्या वाटाही.

शिगम्यातली घोडेमोडणी घ्या. डिचोली, पेडणे, सत्तरी इथला हा खेळ. कमरेला लाकडी तोंडाचा, सजवलेला घोडा बांधलेला, अंगात पांढरा वेश, डोक्याला फेटा, एका हातात लगाम, दुसऱ्या हातात तलवार. ढोल, ताशा, कांसाळ्यांच्या तालावर घोडे पुढे जातात, मागे येतात, पुन्हा पुढे जातात. पोर्तुगिजांशी लढून परतलेल्या मराठ्यांची, राण्यांची ही आठवण, असं गावातली माणसं सांगतात. ही पावलं कुणी कागदावर लिहिलेली नाहीत. पण घोडे कुठून निघायचे, नमन आधी कुठे, कुणाच्या दारात कधी, ढोल कुणी वाजवायचा आणि घोडा कुणी बांधायचा, हे गावातल्या पोरालाही माहीत असतं. त्यात पराक्रम आहे तसा मान आहे, आणि मान आला की उतरंडही आली. कोण मधून चालतो आणि कोण कडेने, हे आमच्या सभागृहासारखंच तिथेही न सांगता कळतं. म्हणून मला ही घोडेमोडणी दफ्तरासारखी वाटते. दफ्तरात अभिमानाच्या नोंदी असतात आणि लाजेच्याही.

दुसऱ्या दिवशी चित्रपटाचा भाग होता. गंमत अशी की चित्रपटाची गोष्टही घोड्यापासूनच सुरू होते. १८७८ साली कॅलिफोर्नियात एडवर्ड मायब्रिजने ओळीने कॅमेरे लावून धावत्या घोड्याची छायाचित्रं घेतली आणि घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीवर नसतात हे सिद्ध केलं. मग आम्हाला माया डेरनचा १९४५ सालचा एक छोटासा मूक चित्रपट दाखवला. टॅली बिटी नावाचा नर्तक रानात पाय उचलतो आणि तो पाय टेकतो एका घराच्या खोलीत. मधलं अंतर कात्रीने कापलेलं. तिथे कॅमेराही नाचतो, संकलनही नाचतं.

मला तो चित्रपट फार आवडला, आणि तरी काहीतरी टोचलं. आमच्याकडेही आता सगळं कापूनच दिसतं. मोबाइलवर घोडेमोडणी तीस सेकंदांची येते आणि त्यात फक्त उसळी असते. सरकारी शिगमो मिरवणुकीत तीच घोडेमोडणी शहरातल्या सरळ रस्त्यावरून, बक्षिसासाठी, परीक्षकांकडे तोंड करून होते. पोरांना पैसे मिळतात, लोक बघतात, त्यात वाईट काही नाही. पण देवळापासूनची वाट, थांबणं, दारातली वाट पाहणं तिथे नसतं. डेरनने अंतर कापलं तेव्हा काय कापतोय हे तिला माहीत होतं. आपल्याला ते माहीत असतं का?

त्या संध्याकाळी शिकवणाऱ्या मुलीने जमिनीवर खडूने चौकोन आखला आणि आम्हा सगळ्यांना त्यात उभं राहायला सांगितलं. मग तो लहान करत नेला. अंगाला अंग लागू लागलं तसा एक तरुण मुलगा बाहेर पडला आणि भिंतीशी जाऊन बसला. तो लईराईचा धोंड होता. ३ मे २०२५ च्या पहाटे शिरगावच्या जत्रेत चेंगराचेंगरी झाली, किमान सहा भाविकांचा जीव गेला, कितीतरी जखमी झाले. त्या रात्री तो तिथे होता. थोड्या वेळाने आपणहून म्हणाला, "मागचा माणूस थांबत नाही, कारण पुढे काय झालंय ते त्याला दिसतच नाही."

कुणी काही बोललं नाही. एका चौरस मीटरमध्ये पाच-सहा माणसं झाली की माणूस स्वतःचं पाऊल स्वतः ठरवू शकत नाही, गर्दी त्याला नेते. धोंडांचा उपास, तळीतली आंघोळ, हातातला वेत, पहाटे होमकुंडाच्या निखाऱ्यांवरून जाणं, याचा क्रम पिढ्यान्‌पिढ्या बसवलेला आहे. त्याच्याभोवती जमणारी गर्दी मात्र वाढत गेली आणि तिच्या पावलांचा विचार त्या क्रमात कधी नव्हता. कोरिओग्राफी हा हौशी लोकांचा विषय आहे, असं मी आता म्हणू शकत नाही. वाट किती रुंद, उतार कुठे, थांबायचं कुणी, हे न बसवल्याची किंमत माणसं देतात.

आमच्यात पेडण्याकडच्या एक काकी होत्या, सत्तरीच्या पुढच्या. त्यांना धालो दाखवायला सांगितलं तर म्हणाल्या, "पावलं दाखवते. गाणी मांडाबाहेर म्हणत नाही मी." पौषातल्या रात्री गावच्या मांडावर बायका दोन रांगांत समोरासमोर उभ्या राहतात, शेजारणीच्या पाठीमागून हात घालून एकमेकींना धरतात आणि वाकत, डुलत पुढे-मागे होतात. आम्ही बायका त्यांच्याबरोबर उभ्या राहिलो. मी पाऊल चुकून पुढे गेले तशी त्यांनी माझी कंबर घट्ट धरून मागे ओढली. "रांग मोडूंक फावना." रांग मोडता येत नाही, एवढंच. सभागृहाच्या मधोमध मी त्या दिवशी पहिल्यांदा उभी होते, आणि मला धरलेलं होतं.

शेवटच्या दिवशी आम्ही त्यांच्या गावी गेलो. मांड पावसाने भिजलेला, शेवाळलेला, रिकामा. चित्रण करायचं ठरलं. एकाने म्हटलं, काकींचा चेहरा जवळून घेऊ. काकी म्हणाल्या, "चेहरा कशाला? जागा घे." आणि त्या मांडाच्या एका ठिकाणी जाऊन उभ्या राहिल्या. "माझी जागा ही. डाव्या बाजूला माझी जाऊ असायची. ती गेली, आता सून असते."

सून तेव्हा कामावर गेली होती. त्या चित्रफितीत काकी एकट्याच आहेत, गाणं नाही, फक्त पावसाचा आवाज. पावलं पुढे-मागे होताहेत आणि डावा हात हवेत थोडा उचललेला आहे, कुणाच्या तरी पाठीमागे.